विळा, मोरचूद आणि हिरड्याचा काढा

[दृश्य: नाशिकजवळची द्राक्षबाग. निळ्या पाण्याचं प्लास्टिकचं पिंप.]

केवड्यावर, म्हणजे द्राक्षवेलीच्या बुरशीच्या रोगावर, बोर्डो मारायचं ठरलं की हिशेब पाठ असतो: १०० लिटर पाणी, १ किलो मोरचूद (तांब्याचं निळं सल्फेट), १ किलो चुना. मिश्रणाचं नाव फ्रान्सच्या बोर्दोवरून आलं. १८८५ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी ते तिथल्या द्राक्षांसाठी पुढे आणलं. पिंप मात्र प्लास्टिकचंच हवं, लोखंडी चालत नाही. का, ते हा विळाच सांगेल.

[दृश्य: घासून लख्ख केलेलं पातं मिश्रणात बुडतं, बाहेर येतं. अगदी जवळून.]

पात्यावर तांबूस थर चढलाय. गंज वाटेल, पण हे तांबं आहे. लोखंड पाण्यात उतरलं आणि पाण्यातले तांब्याचे आयन त्याच्या जागी येऊन बसले. म्हणजे चुना कमी पडला, तांबं अजून मोकळं आहे. असंच फवारलं तर पानं करपतील. आणखी थोडं चुन्याचं पाणी ओतायचं, पातं घासायचं, पुन्हा बुडवायचं. पातं कोरं निघालं की पंप सुरू.

पाण्यात कोणता धातू आहे, हे असं विचारून काढायची रीत फार जुनी. पहिल्या शतकात रोमचा लेखक प्लिनी याने जंगालातली (तांब्यावरच्या हिरव्या गंजातली) हिराकसाची, म्हणजे लोखंडाच्या सल्फेटची, भेसळ पकडायची युक्ती लिहून ठेवली: मायफळाच्या (ओकच्या झाडावरच्या तुरट गाठीच्या) अर्कात भिजवलेला पपायरस घ्या, हिराकस असेल तर तो काळा पडेल.

[दृश्य: टेबलावर हिरड्याचा काढा. ड्रॉपरमधून दोन थेंब.]

मायफळाऐवजी आपण हिरडा घेतलाय. हिराकसाचं पाणी पडलं की काढा आधी जांभळट होतो, मग हवा लागेल तसा गडद होत जातो. झाली शाई.

आता तीन पेले: मोरचूद, हिराकस, आणि ॲल्युमिनियम असलेली तुरटी. तिघांत कॉस्टिक सोड्याचे थेंब. पहिल्यात निळा साका. दुसऱ्यात शेवाळी हिरवा, जो वरून तपकिरी पडू लागतो. तिसऱ्यात पांढरा, जेलीसारखा. कॉस्टिक टाकतच राहिलो तर हा पांढरा साका विरघळून नाहीसा होतो. मग हे ॲल्युमिनियमच का? घाई नको. जस्तही अगदी हेच नाटक करतं. दोघांना वेगळं काढतो अमोनिया: जास्तीच्या अमोनियात जस्ताचा साका विरघळतो, ॲल्युमिनियमचा तसाच बसून राहतो.

[दृश्य: मोरचुदाच्या पेल्यात अमोनिया. कॅमेरा हलत नाही.]

मोरचुदाला अमोनिया दिला की आधी फिकट निळा साका, आणि पुढच्या काही थेंबांत तो विरघळून असा गर्द निळा रंग येतो, की बारावीच्या प्रॅक्टिकलला हे सॉल्ट मिळालेलं पोर मनातल्या मनात देवाचे आभार मानतं.

बाकीच्यांच्या नशिबी गटांची पायरी असते. पहिल्या गटासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यासाठी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, असं एकेका गटातले धातू साक्यात पाडून बाजूला काढत जायचं. क्रम मोडला की फसलात. दुसऱ्या गटात तांबं पूर्ण काढलं नाही, तर चौथ्या गटात काळा साका पडतो आणि वहीत निकेल किंवा कोबाल्ट लिहिलं जातं.

[दृश्य: परीक्षानळी. हातमोजे घातलेले हात.]

शेवटी शिसं. विषारी आहे, म्हणून हे प्रयोगशाळेतच. पोटॅशियम आयोडाइड घातलं की हळदीसारखा पिवळा साका. नळी गरम केली की तो विरघळतो, आणि निवताना सोनेरी पापुद्रे चमकत खाली उतरतात.

फक्त या चमकेवर नळाचं पाणी तपासता येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच शिसं चालतं. त्याच्या कितीतरी पट असलं तरी ही नळी कोरीच दिसेल. ते पाणी बाटलीत भरून, यंत्र असलेल्या प्रयोगशाळेतच न्यावं लागतं.