दूध तोडल्यानंतरचे पंधरा दिवस

डेन्मार्कमधल्या या शेडमधली डुकरांची पिल्लं नीट पाहा. वय जेमतेम चार आठवडे. कालपर्यंत आईला लुचत होती. आज आई नाही, शेजारी दुसऱ्या वेतांची अनोळखी पिल्लं आणि पुढ्यात कोरडं खाद्य.

आता पंधरा दिवस जोखमीचे. दुधातून मिळणारं संरक्षण तुटलंय, स्वतःची प्रतिकारशक्ती बेताचीच. न पचलेल्या खाद्यावर आतड्यात ई. कोलाय जंतू फोफावतात. शेपटीखाली ओला पिवळट डाग, खपाटीला गेलेलं पोट, खोल गेलेले डोळे. हगवण लागली की धट्टंकट्टं पिल्लूही बघता बघता दगावतं.

व्यावसायिक वराहपालनाने यावर वर्षानुवर्षं एकच तोडगा काढला: खाद्यातून औषध. वाढीसाठीही प्रतिजैविकं दिली जात. जंतू औषधांना दाद देईनासे झाले, तेव्हा डेन्मार्कने १९९५ मध्ये त्यातलंच एक, अव्होपार्सिन, बंद केलं. २००० उजाडेपर्यंत वाढीसाठीची सगळी प्रतिजैविकं थांबली. सुरुवातीला हगवण वाढली, उपचाराची औषधंही वाढली. तरी १९९२ ते २००८ या काळात दर किलो मांसामागचा प्रतिजैविकांचा वापर निम्म्यावर आला. २०१० पासून जास्त औषध वापरणाऱ्या शेतकऱ्याला सरकार ‘पिवळं कार्ड’ दाखवतं.

मग भिस्त राहिली झिंक ऑक्साइड या जस्ताच्या संयुगावर. टनभर खाद्यात अडीच किलो जस्त. हगवण आटोक्यात यायची, पण ते जस्त विष्ठेतून शेतात साचत जायचं. जून २०२२ मध्ये युरोपीय संघाने ही औषधी मात्राही बंद केली.

त्याच देशातलं हे सेंद्रिय कुरण. डुकरिणी उघड्यावरच्या छोट्या खोपीत वितात आणि पिल्लं सात आठवडे आईजवळ राहतात. तिच्यासोबत माती उकरतात, तिच्या खाद्यात तोंड घालतात. दूध तुटेपर्यंत पोट धान्याला सरावलेलं असतं. इथे वनौषधी आणि होमिओपॅथीला मुभा आहे, प्रतिबंधासाठी प्रतिजैविक मात्र देता येत नाही. लसी दोन्हीकडे चालतात. पिल्लं तगतात त्याचं श्रेय लोक औषधी बाटलीला देतात. आमच्या मते ते जास्तीच्या तीन आठवड्यांचं आहे.

कुरण म्हणजे निरोगीपणाची हमी नव्हे. गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. या कृमींमुळे कत्तलखान्यात कुरणातल्या डुकरांच्या यकृतावर पांढरे चट्टे जास्त आढळतात. म्हणून कुरणं आलटूनपालटून वापरावी लागतात, आणि त्याला जमीन लागते.

मग सगळेच सात आठवडे का थांबत नाहीत? पिल्लं अंगावर पीत असेपर्यंत डुकरीण सहसा माजावर येत नाही. वर्षाला वेतं कमी, म्हणजे विकायला पिल्लं कमी. युरोपचा कायदा किमान २८ दिवस सांगतो, पण स्वच्छ केलेली वेगळी शेड असेल तर २१ व्या दिवशीही दूध तोडायची सवलत देतो. औषधं कमी करायची असतील, तर आधी ही सवलत काढून घ्यायला हवी.