अधिव्याख्याता ते अधिष्ठाता: डॉ. तात्याराव लहाने

[दृश्य : बालाघाटचा डोंगराळ माळ, अंबाजोगाईकडे चढणारी एस.टी.]

बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करण्याआधी स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. सत्तरच्या दशकात त्यांच्याच नावानं या तालुक्याच्या गावी वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, अशी त्याची ओळख आहे. तोवर मराठवाड्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकच होतं, १९५६ सालचं, औरंगाबादचं. लोक त्याला ‘घाटी’ म्हणतात. निलंग्याच्या किंवा देगलूरच्या माणसाला घाटी गाठायची, तर आदल्या दिवशीच भाकरी बांधून निघावं लागायचं.

[दृश्य : माकेगाव, शेतं]

आताच्या लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यात माकेगाव आहे. १९५७ साली तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरात तात्याराव लहाने यांचा जन्म झाला. पुढे घाटीतून, मराठवाडा विद्यापीठाची वैद्यकीय पदवी आणि मग नेत्रशल्यचिकित्सेची एम.एस. घेऊन ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अंबाजोगाईच्या महाविद्यालयात अधिव्याख्याता झाले. अध्यापनाच्या शिडीची ही पहिली पायरी. तिथून सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक, विभागप्रमुख, आणि सगळ्यात वर अधिष्ठाता, म्हणजे डीन.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, शाळेच्या वर्गात भरलेलं नेत्रशिबिर]

त्या काळातला मोतीबिंदू आज समजून घ्यायला हवा. ‘अजून पिकला नाही’ म्हणून माणसं वर्ष वर्ष थांबायची. तोवर दोन्ही डोळ्यांपुढे पांढरं धुकं साचलेलं असायचं. म्हातारा एकटा आंधळा होत नसे. त्याचा हात धरून फिरवायला घरातलं एक पोर लागायचं आणि त्या पोराची शाळा सुटायची. म्हातारी चुलीपुढून उठली, की तिचं काम सुनेवर नाहीतर नातीवर येऊन पडायचं.

शस्त्रक्रिया झाली, तरी सुटका सोपी नव्हती. डोळ्याला मोठा छेद, टाके, डोकं न हलवता पडून राहणं आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा. तो चष्मा रानात पडून फुटला, की माणूस पुन्हा आंधळा. पुढे डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवायला लागले. मग फेको पद्धत आली: दोन-तीन मिलिमीटरचा छेद, ध्वनिलहरींनी आतलं भिंग फोडून ओढून घ्यायचं आणि घडीचं भिंग आत सोडायचं. टाक्यांची गरज बहुतेक वेळा पडत नाही. काही मिनिटांत रोगी टेबलावरून उतरतो. एका डॉक्टरच्या हातून लाखभर शस्त्रक्रिया होऊ शकतात, त्यामागे हा बदल आहे. पण तो सरकारी दवाखान्यातल्या फाटक्या धोतरापर्यंत पोचवायला कुणीतरी हट्ट धरावा लागतो. लहान्यांनी तो धरला, आणि म्हणूनच त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

[दृश्य : मुंबई, जे.जे. रुग्णालयाचं प्रवेशद्वार]

नव्वदच्या दशकात ते मुंबईला, जे.जे. रुग्णालयात आले. त्याच सुमाराला त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. १९९५ साली आई अंजनाबाईंनी आपलं एक मूत्रपिंड लेकाला दिलं.

प्रत्यारोपण झालेल्या माणसाला जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. शरीरानं परकं मूत्रपिंड नाकारू नये, म्हणून. त्यामुळे साध्या जंतुसंसर्गाचीही धास्ती असते, आणि सरकारी दवाखाना म्हणजे तर गर्दीच गर्दी. तरीही हा माणूस त्या गर्दीत परत गेला. डॉ. रागिणी पारेख यांच्यासोबत त्यांनी जे.जे.चा नेत्रविभाग नावारूपाला आणला. बाबा आमट्यांच्या आनंदवनात जाऊन कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. बोटं झडलेल्या, स्पर्श हरवलेल्या माणसाला जग कळतं ते डोळ्यांनीच. तेही गेले, तर त्याच्याकडे काय उरतं? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. २००८ साली पद्मश्री मिळाली.

[दृश्य : ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची जुनी दगडी इमारत]

२०१०मध्ये ते ग्रँट शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. हे महाविद्यालय १८४५ सालचं. आधी मुंबई विद्यापीठाशी आणि पुढे १९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. जे.जे.सोबत सेंट जॉर्जेस, गोकुळदास तेजपाल आणि कामा ही रुग्णालयंही तेव्हा त्याच्याशी जोडलेली होती.

लोक ‘डीनसाहेब’ म्हणतात, पण त्या खुर्चीवरचं काम बाहेरच्याला दिसत नाही. औषधखरेदीच्या फायली, महाविद्यालयाच्या मान्यतेची तपासणी, परीक्षा, वसतिगृहाचं पाणी, रात्री अपघातात आलेला बेवारस रोगी, चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांचा संप, विधिमंडळात विचारला गेलेला प्रश्न. शस्त्रक्रियेच्या टेबलावर सर्जनसमोर एकच डोळा असतो आणि निकाल दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की कळतो. अधिष्ठात्याला निकाल कळायला कधी कधी एक पिढी जावी लागते. लहान्यांनी खुर्ची घेतली, पण शस्त्रक्रिया सोडली नाही. मला यात त्यांचं सगळ्यात मोठं बळ दिसतं, आणि ताणही इथंच दिसतो.

[दृश्य : मराठवाड्याचा नकाशा]

पुढे ते राज्याच्या वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन संचालनालयाचे संचालक झाले. म्हणजे ज्या अंबाजोगाईत ते अधिव्याख्याता होते, ते महाविद्यालय आता त्यांच्या अखत्यारीत आलं. ज्या घाटीत शिकले, तीही. नांदेडचं १९८८चं महाविद्यालय, लातूरचं २००२चं, सगळीच. २०२०मध्ये कोरोना आला तेव्हा गंभीर रुग्णांचा मोठा भार याच रुग्णालयांनी पेलला. प्राणवायूच्या टाक्या, खाटा, शिकाऊ डॉक्टरांच्या पाळ्या, सगळं रोज नव्यानं लावायचं होतं.

[दृश्य : निवासी डॉक्टर, विभागातली गर्दी]

२०२३ साली जे.जे.च्या नेत्रविभागातल्या निवासी डॉक्टरांनी तक्रार केली, की आम्हाला पुरेशा शस्त्रक्रिया करायला मिळत नाहीत. ज्येष्ठांनी आरोप नाकारले. वाद चिघळला, आणि लहाने, पारेख यांच्यासह विभागातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी राजीनामे दिले. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा इथं करायचा नाही. पण प्रश्न खरा आहे आणि तो प्रत्येक शिकवणाऱ्या रुग्णालयाचा आहे. रांगेतल्या गरीब रोग्याला सगळ्यात सराईत हात हवा असतो. शिकणाऱ्याचा हात तर रोग्याच्या डोळ्यावरच सराईत होतो. दोघांचा हक्क सांभाळायचा, तर ज्येष्ठानं शेजारी उभं राहून, वेळ देऊन, दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं.

धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथंही आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत. तिथं असं शेजारी उभं राहणारे प्राध्यापक हवेत, आणि ते टिकावेत म्हणून नेमणुका कायमच्या, पगार वेळेवर आणि राहायला घर हवं.