शिक्षकांच्या कमरेला पिस्तूल असावं का?

नमस्कार मंडळी. तुमची मुलगी तिसरीत आहे. तिच्या बाईंच्या जॅकेटखाली भरलेलं पिस्तूल आहे की नाही, हे तुम्ही शाळेला विचारलंत, तरी शाळा तुम्हाला सांगू शकत नाही. कारण कायद्यानंच ते गुप्त ठेवलंय. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २०२४ पासून हा कायदा आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, नॅशव्हिलच्या कव्हेनंट शाळेत गोळीबार झाला. ३ मुलं आणि ३ मोठी माणसं गेली. त्या शाळेतल्या अनेक पालकांनी मागितले होते बंदुकांवरचे निर्बंध. मिळाला हा कायदा. मुख्याध्यापकांची आणि पोलिसांची मंजुरी घ्या, ४० तासांचं प्रशिक्षण घ्या, आणि पिस्तूल लपवून वर्गात या.

याच्या बाजूनं बोलणारी माणसं वेडी नाहीत, हे आधी सांगतो. टेक्सासमध्ये हॅरल्ड नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या शाळेनं २००७ मध्येच शिक्षकांना बंदूक बाळगायची परवानगी द्यायचं ठरवलं, कारण पोलीस लांब आहेत. मदत पोचेपर्यंत सगळं संपलेलं असेल, ही भीती खरी आहे. मुलांसाठी छातीवर गोळ्या झेललेले शिक्षक अमेरिकेनं पाहिलेत. त्यांच्या हातात काहीतरी असायला हवं होतं, असं वाटणारच.

पण मग युवाल्डीच्या शाळेतला हल्ला आठवा. तेही टेक्सासच. २४ मे २०२२. तिथे पोलीस लांब नव्हते, काही मिनिटांत पोचले होते. हळूहळू ३७६ सशस्त्र अधिकारी जमले, आणि हल्लेखोरापर्यंत जायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. समोर एआर-१५ रायफल आहे, हे कळल्यावर ज्यांचा पेशाच हा आहे ती माणसं थबकली. आणि चौथीच्या बाईंनी एका हातानं मुलांना बाकांखाली लपवायचं आणि दुसऱ्या हातानं अचूक नेम धरायचा, ही अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? न्यूयॉर्क पोलिसांचा अभ्यास झाला होता. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना त्यांच्या गोळ्यांपैकी साधारण १८ टक्केच लागल्या. वर्गात उरलेल्या गोळ्या कुठे जातील?

आणि नेम कुणावर धरायचा? १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार करणारे दोघे त्याच शाळेचे विद्यार्थी होते. २०१८ मध्ये फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेवर हल्ला करणारा तिथलाच माजी विद्यार्थी. ज्याला शिकवलं, त्याच्यावर गोळी झाडायची तयारी शिक्षकानं रोज ठेवायची. मला हे मागणंच क्रूर वाटतं.

हल्ला बहुतेक शाळांमध्ये कधीच होत नाही. पिस्तूल मात्र रोज वर्गात असणार. युटामध्ये २०१४ साली शाळेच्या स्वच्छतागृहात एका शिक्षिकेच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटली आणि ती स्वतःच जखमी झाली. पाकिस्तानात पेशावरच्या शाळेवरच्या हल्ल्यानंतर, २०१५ च्या सुरुवातीला, खैबर पख्तुनख्वा प्रांतात शिक्षकांना शस्त्राची मुभा मिळाली. त्याच वर्षी स्वातमध्ये एका शिक्षकाच्या बंदुकीतून चुकून सुटलेल्या गोळीनं शाळकरी मुलगा गेला. कुठलाही अतिरेकी आला नव्हता.

ओहायो राज्यानं तर २०२२ मध्ये सशस्त्र शिक्षकांच्या प्रशिक्षणाची अट ७०० हून अधिक तासांवरून २४ तासांवर आणली. म्हणजे सलग मोजलं तर एक दिवस!

खरं काम दुसरीकडे आहे: घरातली बंदूक मुलांच्या हाती लागू न देणं. अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसनं, म्हणजे राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणाऱ्या यंत्रणेनं, २०१९ मध्ये शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास मांडला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातून मिळवली होती. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत घरातल्याच बंदुकीनं ४ मुलांना मारणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना २०२४ मध्ये दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं गेलं.

डॅलस, ह्यूस्टन, नॅशव्हिल, टँपा इथून बघणाऱ्या मराठी आईबाबांना माझी कळकळीची विनंती आहे. स्कूल बोर्डाच्या सभेला जा. आपल्या डिस्ट्रिक्टचं धोरण काय, प्रशिक्षण किती तासांचं, पिस्तूल अंगावर असणार की तिजोरीत, हे विचारा. आणि मूल कुणाकडे खेळायला जाणार असेल, तर शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे सांगता, त्याच फोनवर विचारा: घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का?