रेड डॉट बसवलेले फुल-साइज पिस्तूल कसे पारखावे?

नमस्कार. कोल्हापुरातून आपल्या चॅनेलवर तुम्हा सर्वांचे मनापासून स्वागत. फुल-साइज पिस्तूल आणि त्याच्या स्लाइडवर, म्हणजे गोळीसरशी मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, बसवलेली रेड डॉट साइट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरू देणारे उपकरण, ही जोडी चांगली आहे की नाही हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणाऱ्यांमध्ये दुधाळीच्या रेंजवर सराव करणारी मुले-मुली आहेत, फौजेतून निवृत्त होऊन गावी परतलेले जवान आहेत, आणि परदेशी व्हिडिओ पाहून या यंत्राची ओढ लागलेले उद्यमनगरातले तरुण कारागीरही आहेत. त्या व्हिडिओंमध्ये ठिपका किती लखलखीत दिसतो यावर बराच वेळ जातो, पण ज्या ठिकाणी ही जोडी खरोखर टिकते किंवा फसते त्या ठिकाणाकडे फारसे कोणी पाहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज माझ्यासमोरच्या टेबलावर पिस्तूल नाही. जगात अशी बहुतेक पिस्तुले 9 बाय 19 मिलिमीटर काडतुसाची असतात, आणि आपल्याकडे 1959 चा शस्त्र अधिनियम व 2016 चे शस्त्र नियम यांच्यानुसार ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या मनाई असलेल्या मापात, मोडते. सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळते ते .32 किंवा .22 सारखे बोअर. तेव्हा आज आपण आकृत्या पाहणार आहोत, आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून मुद्दाम करून आणलेल्या पोलादी पट्ट्या पाहणार आहोत.

फुल-साइज म्हणजे काय, हे ग्लॉक 17 च्या उदाहरणाने लगेच कळेल. नळी 114 मिलिमीटर, मॅगझिनमध्ये 17 गोळ्या, आणि मॅगझिन काढल्यावर वजन सुमारे 630 ग्रॅम. पूर्ण पंजा, करंगळीसकट, मुठीवर बसतो. हे करंगळीचे बोलणे क्षुल्लक वाटेल, परंतु रेड डॉटच्या बाबतीत ते फार महत्त्वाचे ठरते आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे. अमेरिकी लष्कराने जानेवारी 2017 मध्ये सिग सॉअरचे पी 320 हे पिस्तूल एम 17 या नावाने निवडले, तेव्हा त्याच्या स्लाइडवर ऑप्टिक, म्हणजे रेड डॉटसारखी काचेची साइट, बसवण्याची सोय आधीपासून केलेली होती. तोपर्यंत स्पर्धेतल्या नेमबाजांची हौस मानली जाणारी गोष्ट त्यानंतर सैनिकाच्या कंबरेला येऊ लागली.

आता साइटकडे वळू. (पडद्यावर आकृती.) यामागची कल्पना जुनी आहे, डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी 1900 मध्ये तिची मांडणी केली होती. आजच्या साइटमध्ये एक छोटा एलईडी असतो आणि त्याच्यासमोर किंचित वक्र काच असते. त्या काचेवरचा लेप लाल प्रकाश परतवतो आणि बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. एलईडी काचेच्या नाभीवर बसवलेला असल्यामुळे परतलेले किरण एकमेकांना समांतर होऊन डोळ्यात शिरतात, आणि म्हणून ठिपका काचेवर चिकटवल्यासारखा न दिसता दूर लक्ष्यावर तरंगताना दिसतो. लक्ष्यावर कसलाही किरण पडत नाही. ठिपका फक्त नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला दिसतो. लेझरशी याची गल्लत अनेक जण करतात, ती मनातून काढून टाकावी.

याचा फायदा नेमका कुठे होतो? लोखंडी साइटच्या साध्या पिस्तुलावर बॅकसाइटची म्हणजे मागच्या साइटची खाच, फोरसाइट म्हणजे पुढची साइट आणि लक्ष्य अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात, आणि माणसाचा डोळा एका वेळी त्यांपैकी एकच स्पष्ट पाहू शकतो. ग्लॉक 17 वर बॅकसाइट आणि फोरसाइट यांच्यातले अंतर साधारण 165 मिलिमीटर असते. फोरसाइट खाचेत केवळ 1 मिलिमीटर सरकली, तरी 25 मीटरवर गोळी सुमारे 15 सेंटीमीटर बाजूला जाते. रेड डॉटमध्ये ही तिहेरी जुळणी उरत नाही. नजर लक्ष्यावर ठेवायची आणि ठिपका तिथे आणायचा, एवढेच काम राहते. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

परंतु येथेच पहिला गैरसमज होतो. ठिपका हात स्थिर करत नाही. हात किती हलतो ते तो दाखवतो. लोखंडी साइटवर हीच थरथर असते, पण ती इतकी ठळक दिसत नाही. नवशिक्याला ठिपका लक्ष्यावर नाचताना दिसला की तो मध्यावर येताच ट्रिगर झटक्यात ओढण्याचा मोह होतो, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी बहुधा खाली डावीकडे जाते. अशा वेळी परीक्षण करणारा साइटला दोष देतो. सर्व्हिस पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो, तर 25 मीटर स्पोर्ट पिस्तूल स्पर्धेत किमान मर्यादा 1000 ग्रॅमची आहे. दुधाळीवर हलक्या ट्रिगरची सवय झालेल्या मुलांनी हा फरक लक्षात घेतल्याशिवाय कोणत्याही सर्व्हिस पिस्तुलाविषयी मत बनवू नये.

याच मुलांचा आणखी एक प्रश्न असतो, की रेड डॉट लावली तर आमचा स्कोअर वाढेल का. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल स्पर्धांमध्ये फक्त उघड्या साइटला परवानगी आहे. ठिपक्याची, दुर्बिणीची किंवा लेझरची साइट चालत नाही. आपल्या राही सरनोबत यांनी 2018 च्या जकार्ता-पालेम्बांग एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात जे सुवर्णपदक जिंकले, ते उघड्या साइटवरच. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रॅक्टिकल स्पर्धांमध्ये मात्र ऑप्टिक लावलेल्या पिस्तुलांसाठी स्वतंत्र गट आहे.

आता करंगळीकडे परत येतो. लोखंडी साइटचे पिस्तूल डोळ्यांसमोर थोडे वाकडे आले, तरी फोरसाइट कुठे गेली हे दिसते आणि हात सुधारता येतो. रेड डॉटची खिडकी लहान असते. मनगट जरासे वर गेले की ठिपका खिडकीतून नाहीसा होतो, आणि तो कोणत्या बाजूला गेला याचा कसलाही सुगावा रिकाम्या काचेतून मिळत नाही. मग माणूस पिस्तूल हलवून ठिपका शोधत बसतो. म्हणून परीक्षणातली माझ्या दृष्टीने पहिली कसोटी गोळी न झाडताच घ्यायची असते: पिस्तूल रिकामे आहे याची दोनदा खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, लक्ष्यावर नजर रोखायची आणि पिस्तूल नजरेसमोर आणायचे. ठिपका शोधावा न लागता खिडकीत हजर होतो का? मुठीचा कोन हाताला जुळतो आहे का, हे त्यावरूनच कळते. पूर्ण पंजा मावणारी मूठ असेल तर पिस्तूल दर वेळी त्याच कोनात वर येण्याची शक्यता वाढते, आणि म्हणूनच रेड डॉट शिकायची ती फुल-साइज पिस्तुलावर, या मताचा मी आहे.

यापुढचा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, आणि उद्यमनगरातल्या मंडळींना तो इतरांपेक्षा लवकर कळेल. साइट बसते ती स्लाइडवर, आणि प्रत्येक गोळीसरशी स्लाइड सपकन मागे जाऊन आदळते व तितक्याच जोराने पुढे येऊन थांबते. ट्रायजिकॉनची आरएमआर ही साइट बॅटरीसकट अवघी 34 ग्रॅम वजनाची आहे, तरी या धक्क्यात ती आपल्या जागेवरून निसटू पाहते. तिला धरून ठेवायला असतात दोन बारीक स्क्रू. (पट्ट्या कॅमेऱ्यासमोर.) या पट्ट्यांच्या जोडीत वरची पट्टी खालच्या पट्टीला नुसत्या दोन स्क्रूंनी जोडली आहे. दुसऱ्या जोडीत तेच स्क्रू आहेत, शिवाय दोन डॉवेल पिना, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या गुळगुळीत खुंट्या, आहेत. दोन्हींच्या कडेवरून मी मार्करने एकेक सरळ रेघ ओढली आहे. आता हातोडीने बाजूने ठोके देतो. पहिल्या जोडीतली रेघ तुटलेली दिसते आहे, म्हणजे पट्टी केसभर सरकली. स्क्रूच्या भोकात जेवढी ढिलाई होती तेवढी ती गेली. डॉवेल असलेल्या जोडीची रेघ अखंड आहे. डाय बनवणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही, की स्क्रूने आवळून धरायचे असते आणि आडवा मार डॉवेलने घ्यायचा असतो.

पिस्तुलावरही हाच न्याय लागू होतो. काही स्लाइड थेट एखाद्या साइटच्या मापाने मिलिंग करून येतात आणि त्यांवरचे उंचवटे साइटच्या तळाच्या खळग्यांत घट्ट बसतात. ग्लॉकच्या एमओएससारख्या व्यवस्थेत मध्ये एक अडॅप्टर प्लेट येते. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या साइट बसवता येतात ही सोय आहे, पण जोड एकाऐवजी दोन होतात: स्लाइड आणि प्लेट यांचा एक, प्लेट आणि साइट यांचा दुसरा. त्यांतला कोणताही ढिला झाला की झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळी यांची जुळवलेली जागा, हलतो. प्लेटशिवाय थेट बसणारी साइट मिळत असेल, तर तिला मी नेहमीच झुकते माप देईन.

स्क्रूविषयी थोडे अधिक सांगायला हवे. आधी भोकातले आणि आट्यांवरचे तेल पूर्ण पुसून काढावे, थ्रेड लॉकरचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा, एक थेंब लावावा आणि निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कनेच, म्हणजे पिळण्याच्या जोरानेच, आवळावे. आरएमआरसाठी हा आकडा सुमारे 1.4 न्यूटन-मीटर आहे, म्हणजे मनगटाच्या जोराने पिळण्याचे हे काम नव्हे. स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर ग्लॉकमध्ये तो खाली उतरून पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या भागांवर दाब आणू शकतो, आणि मग रिकामी पुंगळी अडकू लागली की लोक काडतुसांना दोष देतात. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर पेंट मार्करने एक बारीक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे स्क्रू फिरला तर एका नजरेत दिसतो.

आपल्या भागाचा पाऊस विसरून चालणार नाही. बहुतेक साइटमध्ये एलईडी उघडा असतो. गगनबावड्याच्या बाजूला जून-जुलैत जो पाऊस लागतो, त्यातला एक थेंब एलईडीच्या तोंडावर बसला तरी ठिपक्याची जागा लाल फरकाटा घेतो. एमपॉइंटच्या अक्रोसारख्या बंद साइटमध्ये एलईडी दोन काचांच्या आड असतो. बाहेरच्या काचेवर पाणी आले तरी अंगठ्याने पुसून काम भागते. वजन थोडे वाढते, पण आपल्या हवामानात मी बंद साइटच पसंत करीन.

ठिपक्याचा आकार एमओए या कोनमापात सांगतात. 1 एमओए म्हणजे 25 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर. त्यामुळे 3.25 एमओएचा ठिपका तिथे साधारण अडीच सेंटीमीटर जागा झाकतो आणि 6 एमओएचा साडेचार सेंटीमीटरच्या आसपास. मोठा लवकर सापडतो, लहान अचूक बसतो. चष्म्यात सिलिंडरचा नंबर असणाऱ्यांना ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेला दिसतो. दोष कोणाचा हे ओळखण्यासाठी रिकामे पिस्तूल हळूहळू आडवे करावे. फरकाटा साइटबरोबर फिरला तर दोष साइटचा, आणि तो आहे त्याच दिशेला राहिला तर दोष डोळ्याचा. मोबाइलने काचेतून काढलेल्या फोटोत ठिपका गोल आला, तरीही दोष डोळ्याचाच.

प्रत्यक्ष गोळीबाराचा क्रम मी असा ठेवीन. प्रथम लोखंडी साइटवर, टेकू देऊन, 25 मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचे झुबके, घ्यावेत, म्हणजे पिस्तूल आणि काडतूस यांची कुवत समजते. मग त्याच काडतुसांनी, त्याच टेकूवर, रेड डॉट लावून. साइट बदलल्याने नळी सुधारत नसते, त्यामुळे ग्रुप लहान झाला तर ते श्रेय डोळ्यावरचा भार कमी झाल्याचे आहे. 25 मीटरवर झिरो केलेले पिस्तूल तीन मीटरवर दोन-अडीच सेंटीमीटर खाली मारेल, कारण ठिपका नळीच्या तेवढा वर असतो. त्यात बिघाड काही नाही. स्लाइडवर वजन वाढल्यामुळे सौम्य काडतुसांवर पुंगळी नीट बाहेर पडते का, आणि ती काचेवर आदळत तर नाही ना, हेही याच वेळी पाहावे.

त्यानंतर भरपूर गोळ्या झाडून पुन्हा त्याच टेकूवरून एक ग्रुप घ्यावा आणि पहिल्या ग्रुपचा मध्य कुठे होता, आताचा कुठे आहे, हे मोजावे. शेवटी बॅटरी बदलावी. अक्रोमध्ये ती बाजूने निघते. पहिल्या आरएमआरमध्ये ती तळाला असल्यामुळे साइट उतरवावी लागते, म्हणून अशा साइटची परीक्षा ती उतरवून, पुन्हा टॉर्कने आवळून आणि आणखी एक ग्रुप घेऊनच पूर्ण होते. आधीच्या आणि नंतरच्या ग्रुपचे मध्य जुळतात की नाही हे ज्या परीक्षणात दाखवलेले नाही, ते परीक्षण मी अर्धवट समजतो.