पंचवीस मिनिटांचा ह्यूएनत्संग

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)

मागे ऐकू येतंय ना? बरं. 'ह्यूएनत्संगला दिसलेला महाराष्ट्र' हा विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच असेल. पण तिकडे शिआनवरून जाऊ या, कारण मी तशीच गेले.

मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. चीनच्या सहलीचे पैसे भरले ते माहितीपत्रकातल्या एका ओळीसाठी: पाचवा दिवस, शिआन, 'बिग वाइल्ड गूज पॅगोडा'. ह्यूएनत्संग या चिनी बौद्ध भिक्षूनं भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी ६५२ साली बांधलेला. बाकीची मंडळी भिंत बघायला आली होती, मी हा रानहंस बघायला.

सकाळी मातीची फौज झाली. १९७४ मध्ये शेतकरी विहीर खणत होते, पाण्याऐवजी पहिल्या सम्राटाचे सैनिक लागले. मुळात ते रंगवलेले होते. मातीतून बाहेर आले की कोरड्या हवेत काही मिनिटांतच रंगाचे पापुद्रे सुटतात, म्हणून पुष्कळसे अजून गाडलेलेच ठेवलेत. चेहरे वेगवेगळे. आमचे हे बँकेत होते. ते म्हणाले, "तिसऱ्या रांगेतला तो बघ, हुबेहूब आमचा हेडकॅशियर. समोर माणूस उभा असला तरी बघायचंच नाही!"

मग जेवण, आणि मग पॅगोडा, असं छापलं होतं. बस मात्र रेशमाच्या कारखान्यापाशी थांबली. चीनमध्ये २०१३ पासून कायदा आहे, पर्यटकांना सक्तीनं दुकानात नेता येत नाही. आमच्यावर सक्ती नव्हतीच. फक्त ड्रायव्हर बसला कुलूप लावून जेवायला गेला, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि आत गार हवा, चहा आणि स्वच्छतागृह होतं. आता याला सक्ती कसं म्हणायचं?

आत एक मुलगी समजावत होती. कधीकधी दोन अळ्या मिळून एकच कोश विणतात. त्या जुळ्या कोशाचा धागा गुंतलेला, तो उलगडत नाही, म्हणून त्याची रजई करतात. हे मला माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू. मग तिनं चार जणांना बोलावलं, एकेक कोपरा हातात दिला आणि म्हणाली, ओढा. तो मूठभर कापूस म्हणता म्हणता पलंगाएवढा झाला! आमचे हे एका कोपऱ्याला. रिक्षावाल्याकडून दोन रुपये सुटे घेतल्याशिवाय न उतरणारा माणूस, पण स्वतःच्या हातानं ओढलेली रजई सोडवेना. घासाघीस झाली, कॅल्क्युलेटर इकडून तिकडे गेला, शेवटी दुसरी निम्म्या किमतीत म्हणून दोन घेतल्या. आम्ही ठाण्यात राहतो. ठाण्यात रजई!

दीड तास गेला. पॅगोड्याला पंचवीस मिनिटं, त्यातली दहा फोटोला. मी गाइडला विचारलं, "ह्यूएनत्संगाबद्दल सांगा ना." ती म्हणाली, "हू?" मी पुन्हा म्हटलं, ह्यूएनत्संग. ती पुन्हा, "हू?" शेवटी वहीत पाठीवर पोथ्यांची चौकट घेतलेला भिक्षू काढून दाखवला, तेव्हा उजळली, "आः, श्वान-झांग!" त्यांचं म्हणणंच बरोबर, पण मराठी जिभेला त्या थोर माणसाला श्वान म्हणवेना. या नावाच्या स्पेलिंगचे मी किती पोरांचे मार्क कापले असतील!

चिठ्ठी आली वाटतं. दहा मिनिटं? पाच. अहो, आत्ता कुठे... बरं.

तर, हा माणूस सम्राटाची परवानगी नसताना निघाला, ६४५ मध्ये परतला तो वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ घेऊन. ६४१च्या सुमारास तो आपल्याकडे आला, तेव्हा चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. लोक स्वाभिमानी, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, सूड घेण्याआधी शत्रूला कळवतात, असं त्यानं लिहिलंय. महाराष्ट्र दिनाच्या भाषणात आपण एवढंच वाचतो. माझं भांडण आहे ते याच्याशी. त्याच मजकुरात पुढे आहे की हे लढाईआधी दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा नाही, बायकांचे कपडे देतात. ते का गाळायचं? शंभरावर विहार आणि पाच हजार भिक्षू होते, तेही गाळतो.

आणि हा उत्तरेतल्या सम्राट हर्षाचा पाहुणा, त्याच्याकडे मान मिळवलेला. तरी लिहितो की हर्षाला हे लोक जिंकता आले नाहीत. इकडे ६३४च्या ऐहोळे शिलालेखात रविकीर्ती म्हणतो, भीतीनं हर्षाचा हर्ष गेला. पण तो पुलकेशीचा दरबारी कवी, तो म्हणणारच. मी पाहुण्याची साक्ष जास्त धरते, आणि म्हणूनच ती अर्धी वाचायची नाही.

अजिंठ्याचं सांगायचंच राहिलं. पूर्वेकडच्या डोंगरातल्या विहाराच्या दारात दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, असं त्याचं वर्णन आहे. ते अजिंठाच असं अभ्यासक मानतात. सोळा नंबरच्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी थांबून बघा... हो, थांबते, थांबते.

प्रश्न? विचारा ना. काय? रजया कितीला पडल्या? ते आमच्या ह्यांना विचारा, तिसऱ्या रांगेत बसलेत. बघा, कोणाकडे बघतच नाहीयेत.