धापू, नकुसा आणि यादीत नसलेल्या पोरी

(पहाट. लांबलांब विखुरलेली चार घरं, शेळ्यांचा आवाज.)

राजस्थानच्या खेड्यात धापू नावाच्या बाया तुम्हाला जागोजागी भेटतील. धापणं म्हणजे तिकडं पोट भरणं, आता बास झालं म्हणणं. घरात मुलीवर मुली व्हायला लागल्या की देवाला नीट कळावं म्हणून पुढचीचं नाव ठेवायचं धापू. आणि आपण "काय हे लोक" म्हणायच्या आधी जरा थांबूया, कारण आपल्या साताऱ्यात नकुसा होत्याच की, २०११ साली प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अडीचशेच्या वर मुलींची नावं बदलली, तेव्हा कुठे त्यातली कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली झाली.

तर अशा एका घरातली पोर. वय समजा नऊ. ही वस्ती म्हणजे ढाणी, गावापासून सुटी, शेतात. पोर उठते ती पाणी आणायला, मग शेळ्या, मग आई मजुरीला गेली की धाकटा भाऊ कडेवर. तो इतका मोठा झालाय की त्याचे पाय हिच्या गुडघ्याला लागतात, पण उतरत नाही. शाळा आहे हो. मास्तरही आहेत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण फुकट. फक्त ही पोर त्या शाळेच्या रजिस्टरमध्ये नाही, आणि जी कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही ती आली नाही म्हणून गैरहजेरी तरी कोण मांडणार?

सफीना हुसैन यांनी २००७ साली 'एज्युकेट गर्ल्स' ही संस्था सुरू केली ती इथून, पाली जिल्ह्यातल्या ५० सरकारी शाळा घेऊन. दिल्लीत जन्म, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिक्षण, बरीच वर्षं परदेशात काम, मग परत. संस्थेचं ऑफिस आपल्या मुंबईत, काम मात्र राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार. नवीन शाळा बांधायच्या नाहीत हे पहिल्यापासून ठरलेलं. आहे त्या सरकारी शाळेत पोरगी न्यायची, टिकवायची आणि तिला खरंच वाचता येतंय ना ते बघायचं, एवढंच. एवढंच म्हणजे काय, तेच तर अवघड आहे.

(एक तरुण मुलगी, खांद्याला बॅग, दारोदार.)

ही टीम बालिका. त्याच गावातली किंवा शेजारच्या गावातली पोरं-पोरी, साधारण १८ ते ३० वयाची, शिकलेली, आणि हे काम करतात ते बिनपगारी. दारावर जायचं आणि विचारायचं, घरात मुली किती, वयं काय, शाळेत कोण जातं. सोपं वाटतं ना? पण बाप तीन मुलगे बोटावर मोजतो आणि मुलींचं विचारलं की आत बघून बायकोला हाक मारतो, तिथून खरी सुरुवात होते. मग कारणं निघतात. शाळा लांब आहे, मोठी झाली, संडास नाही तिथे, घरचं कोण बघणार, आणि शिकून शेवटी भाकरीच भाजायचीय ना. काही घरात तर तिचं लग्न आधीच ठरलंय, भावाला बायको मिळावी म्हणून हिला त्या घरात द्यायची, तिकडे त्याला आटा-साटा म्हणतात, आपल्याकडचं साटंलोटं. अशा ठिकाणी एका पोरीचं लग्न पुढे ढकलायचं म्हणजे दोन घरांचा हिशोब मोडायचा, हे बाहेरून आलेल्या माणसाला कळतच नाही. गावच्या पोरीला कळतं. ती भांडत नाही, आठवड्याने परत येते. परत येते. चहा घेते आणि परत विचारते.

त्यांचं ब्रीद असं काहीसं की गाव माझं, प्रश्न माझा, उत्तरही मीच. पोस्टरछाप वाटतं, मलाही वाटलं होतं, पण चौथ्यांदा त्याच दारात उभं राहायला पोस्टर पुरत नाही.

आता जरा पैशाचं, कारण हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. २०१५ ते २०१८, भिलवाडा. हो तेच, सूटिंग-शर्टिंगवालं. तिथे डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बाँड नावाचा प्रयोग झाला, म्हणजे स्विस बँक यूबीएसच्या फाउंडेशनने आधी पैसे घातले आणि निकाल आला तरच दुसरी एक संस्था ते परत करणार, वर फायदाही देणार, आणि निकाल ठरवणार तिसरेच, परीक्षा घेऊन. नुसतं पटावर नाव लागलं म्हणून निम्मंही काम झालं नाही, कारण शिकण्याला जास्त वजन होतं, ८० टक्के. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यातलं पोराला काय वाचता येतं, गणित कुठवर जमतं. शेजारच्या तशाच शाळांशी तुलना पण. आणि गंमत अशी की पहिली दोन वर्षं शिकण्याचं टार्गेट निम्म्यावरच अडकलं होतं. एखाद्याने रिपोर्टमध्ये छान फोटो टाकून विषय संपवला असता. यांनी वर्गच फिरवला. इयत्तेप्रमाणे न बसवता ज्याला जे येत नाही त्याप्रमाणे गट केले, शिकवण्याचे तास वाढवले, जी पोरं शाळेत येत नव्हती त्यांच्या घरी जाऊन शिकवलं. शेवटी आकडे आले ते शिकण्यात टार्गेटच्या १६० टक्के आणि पटनोंदणीत ११६ टक्के, म्हणजे यादीतल्या शाळाबाह्य मुलींपैकी ९२ टक्के शाळेत.

पुढे २०१९ मध्ये मोठा निधी मिळाला, आणि कुठली गावं आधी घ्यायची हे कॉम्प्युटरवर डेटा टाकून ठरवायला लागले, कारण त्यांच्या हिशोबाने देशातल्या ५ टक्के गावांमध्येच शाळेबाहेरच्या मुलींपैकी ४० टक्के मुली आहेत. २०२५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, भारतातल्या संस्थेला पहिल्यांदाच, याआधी मिळाला तो माणसांना. टाळ्या वाजल्या, चांगलं झालं.

पण कायदा ६ ते १४ चा. चौदा संपलं की हक्क संपला, आणि लग्नाचं बोलणं नेमकं तेव्हाच जोरात. आपल्या बीडकडे उसाच्या फडावर जाणाऱ्या पोरींचं वय बघा, वेगळं नाही निघणार. जी पोरगी आठवीनंतर घरी बसली, सासरी गेली, दोन लेकरांची आई झाली, ती कुठल्या यादीत?

(गावातलंच एक घर. सतरंजी, दहा-बारा जणी, एका कोपऱ्यात झोळी.)

म्हणून याच संस्थेचं हे दुसरं काम, 'प्रगती'. १५ ते २९ वयाच्या मुली आणि बाया, ओपन स्कूलमधून दहावी. वर्ग गावातच, घरचं आवरलं की. सुरुवातीला ३०० जणी होत्या. कोणाच्या मांडीवर लेकरू आहे आणि ते पेन ओढतंय, कोणी घूंघट थोडासाच मागे सारलाय कारण खिडकीतून दीर दिसतो.

आज फॉर्म भरायचेत. फॉर्मवर नाव जे लिहाल तेच मार्कशीटवर येणार असं मॅडमनी सांगितल्यापासून सगळ्या घाबरल्यात, आधार कार्डं पुढे-मागे फिरतायत, आणि मागच्या रांगेतली एक जण विचारतेय, इंग्रजीत धापू लिहायचं तर शेवटी यू टाकायचा की डबल ओ.