पाचशे रुपयांचा खड्डा

(दृश्य : मुंबईतला वर्दळीचा रस्ता, खड्डा चुकवणाऱ्या दुचाकी)

नोव्हेंबर २०१९. मुंबई महापालिकेने लोकांना आव्हान दिलं. ॲपवर खड्ड्याचा फोटो टाका. चोवीस तासांत बुजला नाही, तर पाचशे रुपये तुमचे. अट अशी की खड्डा किमान एक फूट लांब आणि तीन इंच खोल हवा. म्हणजे तक्रारदाराने खिशात पट्टी ठेवायची! पैसे अधिकाऱ्यांनी पदरचे द्यायचे होते. पण हिशेब बघा : बक्षीस कधी मिळणार, तर काम झालं नाही तर.

(दृश्य : मनिलाचा किनारा, प्लास्टिकचा खच)

त्याच्या वर्षभर आधी फिलिपिन्समध्ये मनिलाच्या उपसागरावर उलटा हिशेब मांडला गेला. 'बाउंटीज नेटवर्क' या कामांवर बक्षीस लावणाऱ्या मंचाच्या प्रयोगात बक्षीस सफाईला होतं. स्थानिक मच्छीमारांनी कचरा उचलायचा, फोटो चढवायचा. तपासणाऱ्याने होकार दिला की इथेरियम ब्लॉकचेनवरून, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपल्या जाणाऱ्या नोंदवहीवरून, पैसे थेट मोबाइलमध्ये. दोन दिवसांत सुमारे तीन टन कचरा निघाला.

आयर्लंडमधून सुरू झालेल्या 'ओपनलिटरमॅप' या कचरा-नकाशाचं 'लिटरकॉइन' हे डिजिटल नाणं मात्र कचऱ्याच्या नोंदीसाठी मिळतं. ते बक्षीस माहितीचं.

(दृश्य : कार्यालयात फायलींचे गठ्ठे)

यात ब्लॉकचेनने काय साधतं? रक्कम आधीच स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे अट पुरी झाली की आपोआप पैसे सोडणाऱ्या संगणकी करारात, अडकवलेली असते. "बिल वर गेलंय, साहेबांची सही बाकी आहे," हे ऐकावं लागत नाही. ज्यांनी बिलासाठी खेटे घातलेत, त्यांना याचं मोल कळेल. शिवाय नोंद मागाहून खोडता येत नाही. याच गुणासाठी २०२२ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉन ब्लॉकचेनवर नोंदवायला घेतले.

पण दाखला एकदा तपासला की झालं. खड्ड्याचं तसं नसतं.

(दृश्य : खड्डा बुजवणारे कामगार, जवळून)

ओल्या खड्ड्यात खडी-डांबर ओततात, फावड्याच्या पाठीने थोपटतात. फोटो निघतो, तक्रार 'बंद' होते. पुढच्या जोरदार सरीत खडी सुटते, दुचाकीच्या चाकाखाली येते. ब्लॉकचेनच्या साखळीवर मात्र बुजलेल्या खड्ड्याचा फोटो कायमचा कोरलेला. खोटंही ती तितक्याच इमानाने जपते. आणि "हा रस्ता आमच्याकडे येत नाही" या उत्तरावर तर कुठल्याच कॉन्ट्रॅक्टकडे इलाज नाही.

मग पैसे एकरकमी सोडायचेच कशाला? ठेकेदाराच्या रस्त्याला दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे तेवढा काळ रस्ता बिघडला तर दुरुस्ती त्याच्याच माथी; तो संपेपर्यंत त्याची अनामत अडकून राहते. खड्ड्यांचं बक्षीस ब्लॉकचेनवर ठेवलं, तर तिथेही तेच करता येईल. थोडी रक्कम तक्रारीला, थोडी खड्डा बुजवल्यावर, आणि मोठा हिस्सा गणपती विसर्जनानंतर. तेव्हा रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या तिघा-चौघांनी त्याच जागेचा नवा फोटो टाकायचा. खड्डा पुन्हा उघडला असेल, तर उरलेले पैसे पुढच्या दुरुस्तीला.

(दृश्य : वॉर्ड ऑफिसची तक्रार खिडकी)

हे कॉन्ट्रॅक्ट लिहायला फार वेळ लागणार नाही. त्यात पहिले पैसे पालिका घालणार की नगरसेवक निधीतून येणार, हे आधी ठरायला हवं.